बंदुकीतला पीळ आणि हिशेबातून सुटलेला शिपाई

१/
१८५७ म्हटले की काडतूस आठवते आणि काडतूस म्हटले की चरबी. कलकत्त्याजवळच्या दमदम येथे जानेवारी १८५७ मध्ये एका खलाशाने पाण्यासाठी लोटा मागितला, ब्राह्मण शिपायाने तो नाकारला, तेव्हा गायीच्या आणि डुकराच्या चरबीची काडतुसे दातांनी तोडावी लागतील त्या दिवशी ही जात कुठे राहील, असा टोला त्याला ऐकावा लागला. हा प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्येही काडतुसांची हकिकत येते.

२/
मात्र एक साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो. कंपनीचे शिपाई अनेक पिढ्या मस्केट चालवत आले होते. तिच्या काडतुसाचा कागदही दातांनीच तोडला जाई. मग चरबीचा वाद १८५७ मध्येच का उभा राहिला? त्याचे उत्तर नव्या बंदुकीच्या नळीत कोरलेल्या तीन खाचांमध्ये आहे. त्या खाचांचे शास्त्र वगळून काडतुसाची गोष्ट सांगणे म्हणजे निकाल वाचून खटला न वाचण्यासारखे आहे.

३/
जुन्या मस्केटची नळी आतून गुळगुळीत असे. ‘ब्राउन बेस’ या प्रसिद्ध मस्केटच्या नळीचा व्यास ०.७५ इंच आणि गोल गोळीचा सुमारे ०.६९ इंच. म्हणजे दीड मिलिमीटरची फट. नळीत काजळी साचली तरी गोळी सहज आत सरकावी, यासाठी ही फट मुद्दाम ठेवलेली असे. तिची किंमत नेमबाजीत मोजावी लागे. गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्यानुसार कोणत्याही दिशेने गिरकी घेई.

४/
या गिरकीचा अर्थ प्रथम नीट उलगडला तो बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. १७४२ मध्ये त्याचा तोफखान्याच्या नव्या तत्त्वांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तीनच वर्षांत लिओनार्ड ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाने तो स्वतःच्या टिपांसह जर्मन भाषेत आणला. फिरत जाणारी गोळी हवेमुळे एका बाजूला ढकलली जाते, हे रॉबिन्सने ओळखले होते. आज या परिणामाला माग्नुसचे नाव आहे, पण माग्नुसचे काम त्यानंतर शंभर वर्षांनी झाले.

५/
रॉबिन्सचा एक प्रयोग तर कोणत्याही काळातील विद्यार्थ्याला आवडावा असा आहे. त्याने एका बंदुकीची नळी तोंडाजवळ किंचित डावीकडे वाकवली आणि समोर ओळीने पातळ कागदाचे पडदे लावले. गोळी डावीकडे निघाली, पण पुढच्या पडद्यांवरची भोके हळूहळू उजवीकडे सरकत गेली. वाकलेल्या भागात गोळी उजव्या भिंतीला घासत गेली होती आणि त्या घर्षणाने मिळालेल्या गिरकीने तिला हवेत उजवीकडे वळवले होते. गिरकी गोळीला भरकटवते, हे कागदावर उमटले.

६/
मग तीच गिरकी ताब्यात घेतली तर? नळीत सर्पिल खाचा कोरण्याची कला जर्मन प्रदेशांतील कारागिरांना सोळाव्या शतकातच अवगत होती. शिकारी ती वापरत. का चालते हे कोणाला सांगता येत नव्हते. १७४७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात रॉबिन्सने कारण मांडले. खाचांमुळे गोळी जाण्याच्या दिशेलाच आस धरून फिरते, त्यामुळे तिला एका बाजूला ढकलणारे बल उरत नाही. जे राष्ट्र या बंदुका प्रथम पूर्णत्वाला नेईल त्याला रणांगणावर मोठे वर्चस्व मिळेल, असे भाकीतही त्याने केले. पुढचे टोक जड असलेली अंड्याच्या आकाराची गोळी त्याने सुचवली होती.

७/
पुढे ईस्ट इंडिया कंपनीने रॉबिन्सला आपल्या किल्ल्यांच्या बांधकामासाठी मुख्य अभियंता नेमले. १७५० मध्ये तो हिंदुस्थानात पोहोचला आणि पुढल्याच वर्षी, जुलै १७५१ मध्ये, कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे मरण पावला. ज्या फौजेत पुढे रायफलीवरून वणवा पेटला, तिच्याच मालकांच्या नोकरीत रायफलीचे शास्त्र सांगणारा पहिला माणूस गेला. त्याच्या भाकितानंतर शतकभर ब्रिटिश पायदळाचे मुख्य हत्यार मात्र गुळगुळीत नळीचेच राहिले.

८/
याचे कारण केवळ आळस नव्हे. खाचांत गोळी घट्ट बसली तरच ती फिरणार, आणि घट्ट गोळी तोंडाकडून गजाने ठोकत आत घालायला वेळ लागणार. शिकाऱ्याला तो वेळ असतो, पायदळाच्या रांगेला नसतो. १८४९ मध्ये फ्रेंच अधिकारी क्लोद-एतिएन मिनिए याने दिलेली तोड अशी : गोळी लांबट, बुडाशी पोकळ आणि नळीपेक्षा किंचित बारीक करावी. ती सैलपणे आत जाते. दारू पेटताच वायूच्या दाबाने तिचे मऊ शिसे फुगते आणि खाचांना धरते.

९/
येथे गोळीच्या आकाराबरोबर शास्त्रही बदलले. लांबट गोळीवर हवेचा दाब तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे पडतो. त्यामुळे हवा तिचे नाक सतत वर उचलून तिला उलटवू पाहते. गोल गोळीला उलटण्याचा प्रश्नच नव्हता. कारण तिला कोठूनही पाहिले तरी ती सारखीच. लांबट गोळीला मात्र भोवऱ्यासारखे जगावे लागते. जाळी ओढून फेकलेला भोवरा वेगात असेतो आरीवर उभा राहतो आणि वेग मंदावला की डुलू लागतो. गोळीचेही तसेच आहे.

१०/
म्हणून किती पीळ द्यायचा, हा प्रश्न कळीचा ठरला. एका पूर्ण वळशाला नळीची किती लांबी लागते, यावरून पीळ मोजतात. आकडा जितका लहान, तितका पीळ घट्ट. १८०० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यात आलेल्या बेकर रायफलच्या तीस इंचांच्या नळीत फक्त पाव वळसा होता. गोल गोळीसाठी तो पुरला. लांबट गोळीसाठी तो पुरणार नव्हता. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा. पीळ कमी पडला तर गोळी हवेत कोलांट्या खाते. तो गरजेपेक्षा फार घट्ट झाला, तर मऊ शिसे खाचा सोडून घसरू शकते.

११/
१८५३ ची एन्फिल्ड रायफल ही या सगळ्या तडजोडींची बेरीज होती. नळीची लांबी ३९ इंच, आतला व्यास ०.५७७ इंच, खाचा तीन आणि ७८ इंचांत एक वळसा. म्हणजे नळीतून बाहेर पडेपर्यंत गोळी जेमतेम अर्धी फिरे. तेवढ्यानेही शे-दीडशे यार्डांपलीकडे बेभरवशाची ठरणारी मस्केट आणि कित्येक शे यार्डांवर माणूस टिपणारी रायफल, एवढा फरक पडला.

१२/
आता चरबीकडे. एन्फिल्डच्या गोळीचा व्यास सुरुवातीला ०.५६८ इंच होता. नळी आणि गोळी यांच्यात उरली इंचाच्या नऊ सहस्रांशांची फट, म्हणजे पाव मिलिमीटरपेक्षाही कमी. काळ्या दारूची काजळी ही फट काही बारांतच भरून काढते. म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला स्निग्ध पदार्थ लावणे भाग होते : काजळी मऊ राहावी, गोळी आत सरकावी आणि खाचा बुजू नयेत. मस्केटच्या दीड मिलिमीटर फटीला ही गरज नव्हती. खाचा आल्या, फट आटली, आणि फट आटली म्हणून चरबी आली.

१३/
हे समजले की दोन जुनी स्पष्टीकरणे अपुरी वाटू लागतात. वसाहतवादी लेखक म्हणत, अडाणी शिपाई अफवेला भुलले. दुसऱ्या टोकाला काडतूस हा धर्म बुडवण्याचा आखलेला कट ठरवला गेला. वास्तविक चरबी हा भास नव्हता. एन्फिल्डच्या रचनेतच तिची जागा होती. आणि तिच्यामागे कट असायचीही गरज नव्हती. चरबी आणि मेण यांचे मिश्रण यंत्राला हवे होते, पुरवठादाराने चरबी पुरवली, ती कोणत्या जनावराची हे कोणी काटेकोरपणे पाहिले नाही. शिपायांचा संशय एका खऱ्या वस्तूबद्दल होता.

१४/
शिवाय सरकारला कोणी सावध केले नाही, असेही नाही. १८५३ मध्येच चरबी लावलेली काही काडतुसे हिंदुस्थानात पाठवण्यात आली होती. इथल्या उष्णतेत ते वंगण कसे टिकते, हे पाहायचे होते. त्या वर्षाच्या अखेरीस बंगाल सैन्यातील कर्नल हेन्री टकर यांनी लेखी कळवले, की हे वंगण जातिधर्माला बाधक नाही याची खात्री झाल्याशिवाय ही काडतुसे देशी पलटणींना देऊ नयेत. शिपायांच्या कमरेच्या पिशवीत ठेवून चरबीची परीक्षा झाली. ज्याच्या कमरेला ती होती, त्याला मात्र कोणी काही विचारले नाही. टकर यांचे पत्र दप्तरात पडून राहिले.

१५/
जानेवारी १८५७ मध्ये कुजबुज वाढली, तेव्हा धावपळ सुरू झाली. शिपायांनी स्वतःला चालेल ते वंगण लावावे, अशी परवानगी त्याच महिन्याच्या अखेरीस देण्यात आली. तोवर संशय चरबीवरून कागदावर गेला होता. नव्या कागदाची चकाकी शिपायांच्या डोळ्यांत खुपत होती. मार्चमध्ये कागद दातांऐवजी हाताने फाडण्याची कवायत आली. प्रत्येक उपाय तांत्रिकदृष्ट्या योग्य होता आणि प्रत्येक उपाय उशिरा आला. उशिरा आलेली सवलत कबुलीजबाबासारखी दिसते.

१६/
२४ एप्रिल १८५७ रोजी मेरठच्या तिसऱ्या लाइट कॅव्हलरीतील ९० जणांपैकी ८५ जणांनी काडतुसांना हात लावला नाही. ती काडतुसे जुन्याच प्रकारची होती. म्हणजे तोवर वाद नळीतल्या खाचांपुरता उरलाच नव्हता. येथे अतिशयोक्ती टाळायला हवी. १८५६ मध्ये खालसा केलेले अवधचे राज्य, समुद्रापार चाकरीची नवी अट, पगार आणि मान यांच्या तक्रारी, हे सारे पेटण्यास तयार होते. तीन खाचांनी १८५७ घडवले नाही. त्यांनी विश्वासाची परीक्षा घेतली, आणि विश्वास आधीच संपलेला होता.

१७/
गंमत अशी, की त्याच एप्रिल महिन्यात इंग्लंडमधील हाइथच्या नेमबाजी शाळेत एन्फिल्डची दुसरीच परीक्षा चालली होती. मँचेस्टरचा अभियंता जोसेफ व्हिटवर्थ याने लंडनच्या सरकारला आधीच सांगितले होते, की बंदुका बनवण्याची यंत्रे उभारण्यापूर्वी बंदुकीचे तत्त्व तपासावे. त्यासाठी त्याने आपल्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांबीची बंदिस्त गॅलरी उभारली आणि रॉबिन्सप्रमाणेच पातळ कागदाच्या पडद्यांतून गोळीचा मार्ग शोधला. त्याचा निष्कर्ष होता : एन्फिल्डची नळी फार रुंद आणि पीळ फार सैल आहे.

१८/
व्हिटवर्थच्या रायफलची नळी षट्कोनी होती, व्यास ०.४५१ इंच आणि पीळ २० इंचांत एक. गोळीचे वजन एन्फिल्डइतकेच, पण ती बारीक आणि लांब. वेग सेकंदाला १००० फूट धरून हिशेब केला, तर एन्फिल्डची गोळी सेकंदाला सुमारे १५४ फेऱ्या घेते आणि व्हिटवर्थची ६००. हाइथला ५०० यार्डांवर एन्फिल्डच्या गोळ्यांचे सरासरी विचलन २.२४ फूट भरले, व्हिटवर्थच्या गोळ्यांचे ०.३७ फूट. म्हणजे सव्वादोन फुटांपुढे साडेचार इंच.

१९/
तरीही सैन्याने व्हिटवर्थची रायफल सरसकट स्वीकारली नाही. ती एन्फिल्डच्या सुमारे चौपट महाग होती आणि तिच्या अरुंद नळीत काजळी लवकर धरे. आकड्यांनी जिंकलेले हत्यार चिखल, घाम आणि खर्च यांच्यापुढे हरले. मात्र त्याचा धडा वाया गेला नाही. १८७१ मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलचा व्यास ०.४५ इंच आणि पीळ २२ इंचांत एक होता. व्हिटवर्थच्या अगदी शेजारचा. ती मागून भरली जाई, त्यामुळे काडतूस तोडण्याचा प्रश्नच मिटला होता.

२०/
किती पीळ पुरेसा, याचे सुटसुटीत सूत्र मात्र १८७९ मध्ये आले. वुलिचच्या तोफखाना महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक आल्फ्रेड ग्रीनहिल यांनी ते मांडले. गोळीच्या व्यासाचा वर्ग घ्यावा, त्याला १५० ने गुणावे आणि गोळीच्या लांबीने भागावे. येणारे उत्तर म्हणजे एका वळशासाठीचे इंच. एन्फिल्डची सुमारे एक इंच लांबीची गोळी घेतली, तर उत्तर ४८ च्या आसपास येते. प्रत्यक्षातला पीळ ७८ होता. पोकळ बुडाच्या गोळीला हे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा स्पष्ट दिसते. १८५८ च्या नौदलासाठीच्या आखूड एन्फिल्डला पाच खाचा आणि ४८ इंचांत एक वळसा देण्यात आला होता. अनुभवाने कारागीर त्या आकड्यापाशी वीस वर्षे आधीच पोहोचले होते.

२१/
सूत्र हाती आले तरी हिशेबातून काय सुटले आहे, ते सूत्र सांगत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या एआर-१५ रायफलला १४ इंचांत एक वळसा होता. समशीतोष्ण हवेत ती ठीक चाले. उणे ६५ अंश फॅरनहाइटच्या चाचणीत गोळ्या डगमगू लागल्या, कारण इतकी थंड हवा सुमारे तीस टक्के अधिक दाट असते आणि दाट हवा गोळीला अधिक जोराने उलटवते. १९६३ मध्ये पीळ १२ इंचांत एक असा बदलण्यात आला. त्या हिशेबात थंडी सुटली होती. १८५३ च्या हिशेबात शिपाई सुटला होता.

२२/
दोन्ही चुकांत एक मोठा फरक आहे. थंडीची चूक उघड झाल्यावर नळी बदलली गेली. शिपायाची चूक उघड झाल्यावर शिपायाच्या हातातली बंदूक बदलली गेली. १८५८ पासून हिंदुस्थानी फौजेसाठी एन्फिल्डसारखीच दिसणारी, पण सुमारे ०.६५ इंच व्यासाची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक तयार करण्यात आली. बाहेरून तीच लाकडी दांडी, तोच घाट. आत खाच एकही नाही. गोऱ्या सैनिकाकडे रायफल, देशी शिपायाकडे मस्केट. तोफखानाही जवळपास पूर्णपणे युरोपीय हातांत गेला.

२३/
सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असे मराठीत म्हणतात. येथे राज्यकर्त्यांनी सुंभ शाबूत ठेवून पीळच काढून घेतला. ज्या शास्त्राची पायाभरणी करणारा माणूस कडलूरला मरण पावला, त्या शास्त्राचा लाभ कोणाला मिळावा आणि कोणाला नाही, हे आता वंश पाहून ठरू लागले. रॉबिन्सचे भाकीत खरे ठरले होते. रायफल वर्चस्व देते, हे राज्यकर्त्यांना इतके पटले होते की त्यांनी ती आपल्याच निम्म्याहून अधिक फौजेच्या हातातून काढली. १८५७ नंतरच्या अविश्वासाचा याहून बोलका पुरावा शोधायला दप्तरखान्यात जावे लागत नाही. नळीत डोकावले तरी पुरते.

२४/
इतिहासाच्या अभ्यासात शस्त्रांचे तपशील बहुधा दोन टोकांना जातात. एकीकडे बंदुकांचे भक्त असतात. त्यांना इंच आणि यार्ड पाठ असतात, पण बंदूक कोणाच्या हातात होती याची फिकीर नसते. दुसरीकडे जाहीरनामे आणि पत्रे वाचणारे असतात. त्यांना नळीचा व्यास ही किरकोळ बाब वाटते. काडतुसाची गोष्ट या दोघांनाही एकट्याने सांगता येणार नाही. फटीची रुंदी कळल्याशिवाय चरबी का आली ते कळत नाही, आणि टकर यांचे पत्र वाचल्याशिवाय ती टाळता आली असती हे कळत नाही.

२५/
म्हणून एखाद्या वस्तुसंग्रहालयात एन्फिल्ड दिसली, तर फलकावरचे साल वाचून पुढे सरकू नये. शक्य असेल तर तोंडाशी वाकून नळीच्या कडेला तीन खाचा दिसतात का, ते पाहावे. दिसल्या, तर ती १८५७ पूर्वीच्या विश्वासाची किंवा पुढच्या काळातील गोऱ्या पलटणीची असू शकते. नळी आतून गुळगुळीत निघाली, तर ती १८५७ नंतरच्या भीतीची असण्याचा संभव अधिक.

(समाप्त)